भरतीची क्रमवारी आणि मैदानावरचा निकाल: तुलना करायची तर चार वर्षांची करा

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलला हल्ली जागा मिळू लागली आहे, याचा मनापासून आनंद आहे. आपल्या अनेक वाचकांची मुले, भाचे-पुतणे मिशिगन, टेक्सास, ओहायो स्टेट अशा विद्यापीठांत शिकतात आणि त्यांच्यामुळे घरातले थोरही हा खेळ बघू लागले आहेत. पण या मजकुरात एक गोष्ट सतत खटकते. डिसेंबरात शालेय खेळाडूंचे करार झाले की 'अमुक विद्यापीठाची भरती देशात पहिली' अशी बातमी येते, जणू पुढचे विजेतेपद त्याच दिवशी ठरले. एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेज खेळाडूंची निवड, झाला की नेमके उलटे: कुणी टू-स्टार (शाळेत असताना पाचपैकी दोनच तारे मिळालेला) मुलगा पहिल्या फेरीत निवडला गेला, म्हणजे तारांकन हा सगळा भंपकपणा. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि दोन्हींची चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे. तेवढ्यासाठी हे पत्र, थोडे लांबले तरी.

आधी ड्राफ्टचे बघू. जोश ॲलनला शाळेतून बाहेर पडताना वरच्या विभागातल्या एकाही कॉलेजने विचारले नव्हते. तो रीडली नावाच्या ज्युनियर कॉलेजातून वायोमिंगला गेला आणि २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन (स्कॉलरशिपविना खेळणारा) म्हणून आला. पॅट्रिक माहोम्स थ्री-स्टार होता. उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. २४७स्पोर्ट्स ही शालेय खेळाडूंना गुण देणारी संस्था दरवर्षी साधारण ३२ मुलांनाच पाच तारे देते, कारण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. सातही फेऱ्या मिळून सुमारे २५७ निवडी होतात. म्हणजे त्या वर्षाचे सगळेच्या सगळे फाइव्ह-स्टार निवडले गेले असे धरले, तरी सव्वादोनशे जागा उरतात आणि त्या फोर-स्टार, थ्री-स्टार आणि बिनताऱ्यांच्या मुलांनीच भरायच्या असतात. थ्री-स्टार मुले हजारांच्या घरात असतात, त्यामुळे ड्राफ्टच्या यादीत ती मोठ्या संख्येने दिसणारच. विचारायचा प्रश्न आहे तो प्रमाणाचा. फाइव्ह-स्टारपैकी साधारण निम्मे ड्राफ्टमध्ये निवडले जातात. थ्री-स्टारमध्ये हे प्रमाण दहात एक इतकेही नाही. एकेका मुलाबाबत क्रमवारी वारंवार चुकते, पण गटांबाबत ती क्वचितच चुकते.

गटाचा हा नियम संघांना लावण्याची सर्वांत साधी पद्धत क्रीडा पत्रकार बड एलियट यांनी रूढ केली. तिला ब्लू-चिप रेशो म्हणतात. गेल्या चार वर्षांत करारबद्ध झालेल्या शालेय खेळाडूंपैकी फोर आणि फाइव्ह-स्टार किती, एवढेच मोजायचे. समजा एका संघाने चार वर्षांत २३, २५, २१ आणि २४ मुले घेतली, एकूण ९३. त्यांत वरच्या दोन श्रेणींतली अनुक्रमे १४, ११, ९ आणि १५, म्हणजे ४९. रेशो झाला जवळजवळ ५३ टक्के. दरवर्षी साधारण दीड डझन संघच ५० टक्क्यांची रेघ ओलांडतात आणि २०२४ च्या हंगामापर्यंत राष्ट्रीय विजेता त्यांच्यातूनच आला. २०१६ चे क्लेमसन आणि २०२३ चे मिशिगन ही रेघ जेमतेम ओलांडून जिंकले, तर २०२४ च्या ओहायो स्टेटचा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास होता.

या आकड्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. तो छताची उंची सांगतो. ५० टक्क्यांच्या वरचा संघ जिंकेलच, असे तो म्हणत नाही. त्याच्या खालच्या संघाला सलग तीन-चार तुल्यबळ किंवा वरचढ संघांना हरवणे फार जड जाते, एवढेच म्हणतो. २०२२ चे टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) याचे उत्तम उदाहरण आहे. आदल्या वर्षी ५–७ (पाच विजय, सात पराजय) असलेला हा संघ नियमित हंगामात १२–० राहिला आणि फिएस्टा बोलमध्ये त्याने मिशिगनला ५१–४५ असे हरवले. अंतिम सामन्यात मात्र जॉर्जियाने त्याला ६५–७ असे धुतले. त्या जॉर्जियाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू) स्टेट्सन बेनेट वॉक-ऑन म्हणून आलेला होता, हे अनेक जण सांगतात. त्याच्या पुढे उभी असलेली ऑफेन्सिव्ह लाइन (त्याला वाचवणारे पाच गडी) आणि पलीकडची बचावफळी फोर आणि फाइव्ह-स्टारांनी भरलेली होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आता दुसरी बाजू. टेक्सास ए अँड एमची २०२२ ची भरती २४७स्पोर्ट्सच्या एकत्रित (इतर संस्थांचेही धरून काढलेल्या) गुणांनुसार तोवरची सर्वोत्तम होती. त्याच शरद ऋतूत संघ ५–७ राहिला. घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेटकडून १७–१४ असा हरला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्य कोच जिम्बो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन दूर करण्यात आले. 'क्रमवारी खोटी पडली' म्हणणाऱ्यांचे हे आवडते उदाहरण आहे. पण त्या भरतीचे पुढे काय झाले, हे जवळून पाहिले की चित्र वेगळे दिसते.

अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या वर्षी क्वचितच सामना फिरवतो, आणि लाइनवर तर नाहीच. समोरचा बावीस वर्षांचा गडी चार वर्षे वजन उचलून आलेला असतो. कोणतीही भरती साधारण तिसऱ्या वर्षी पिकते, म्हणजे ए अँड एमच्या या मुलांचा खरा हंगाम २०२४ चा. तोवर त्यांच्यातले बरेच जण पांगले होते. वॉल्टर नोलन हा डिफेन्सिव्ह टॅकल ओले मिसला गेला, तिथे गाजला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये १६ व्या क्रमांकावर ॲरिझोनाने त्याला घेतले. लगेच पुढच्या, १७ व्या क्रमांकावर सिनसिनाटीने घेतला शेमार स्ट्युअर्ट. तो त्याच भरतीतला, पण ए अँड एममध्येच राहिलेला. गुणवत्ता ओळखण्यात क्रमवारी चुकली नव्हती. एकाची गुणवत्ता दुसऱ्याच संघाच्या खात्यात जमा झाली.

स्ट्युअर्टचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. कॉलेजातल्या तीन हंगामांत त्याच्या नावावर मिळून साडेचार सॅक (प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणे) होते, दर हंगामी दीड. डिफेन्सिव्ह एंडसाठी हा आकडा अगदीच तोकडा आहे. तरीही तो पहिल्या फेरीत गेला, कारण उंची, वजन, वेग आणि हातांची लांबी यांचा असा मेळ फार थोड्यांत सापडतो. शाळेत त्याला पाच तारे मिळाले तेही त्याच कारणाने. भरतीच्या क्रमवारीचे लक्ष्य मुळात 'हा मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू होईल का' हे असते. 'तो कॉलेजला सामने जिंकून देईल का' हा वेगळा प्रश्न आहे. क्वार्टरबॅक क्विन युअर्सला शाळेत एकत्रित मोजपट्टीचे पूर्ण १.०००० गुण होते. त्याने टेक्सासला लागोपाठ दोन वर्षे प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नेले, आणि तरी २०२५ मध्ये तो थेट सातव्या फेरीत निवडला गेला. कॉलेजच्या मापाने तो यशस्वी, ड्राफ्टच्या मापाने अपयशी. कोणते माप लावतो आहोत, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवले पाहिजे.

संघांची क्रमवारी कशी बनते, हेही वाचकांना कळायला हवे. २४७स्पोर्ट्सच्या सूत्रात संघातल्या सर्वोत्तम मुलाचे गुण जवळजवळ पूर्ण धरले जातात आणि पुढच्या प्रत्येकाचे वजन कमी होत जाते. विसाव्या-पंचविसाव्या मुलाची भर नाममात्र असते. तरीही बेरीज ती बेरीज. २७ मुले घेणारा संघ १५ मुले घेणाऱ्याच्या पुढे सहज जातो, मग त्या पंधरांची सरासरी सरस असली तरी. क्लेमसन विजेतेपदे मिळवत होते त्या वर्षांत त्यांच्या भरत्या लहान असत आणि एकूण क्रमवारीत त्या खाली दिसत, पण प्रतिखेळाडू सरासरी वरच्या संघांच्या तोडीची असे. २०१८ च्या हंगामाच्या अंतिम सामन्यात त्यांनी अलाबामाला ४४–१६ असे हरवले, तेव्हा केवळ बेरजेची क्रमवारी पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. म्हणून बेरजेचा क्रमांक छापलात तर शेजारी सरासरी गुण आणि मुलांची संख्या अवश्य द्यावी.

ताऱ्यांची रेघसुद्धा फसवी असते. २४७स्पोर्ट्सच्या स्वतःच्या मोजपट्टीत ८० ते ८९ गुण म्हणजे तीन तारे, ९० ते ९७ म्हणजे चार. ८९ आणि ९० यांच्यात एका गुणाचे अंतर, पण तारा बदलतो. ९० आणि ९७ यांच्यात सात गुणांचे अंतर, पण तारे तेवढेच. ब्लू-चिप रेशो ढोबळ आहे तो याच कारणाने. बारकाईने तुलना करायची असेल तर तारे मोजू नयेत, गुणांची सरासरी घ्यावी. आणि तीही अंतिम क्रमवारीतली घ्यावी. करार डिसेंबरात होतात, पण मुलांचा शेवटचा शालेय हंगाम आणि नंतरचे निवडक सामने पाहून गुण जानेवारीपर्यंत बदलत राहतात.

आता चुका कुठे जास्त होतात ते सांगतो. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये सर्वाधिक. सतरा वर्षांचा २५० पौंडांचा मुलगा तीन वर्षांनी ३१० पौंडांचा होईल का, आणि तेवढे वजन चढल्यावर त्याचे पाय तसेच हलतील का, हे त्या वयात कुणालाच दिसत नाही. विस्कॉन्सिन आणि आयोवा यांनी याच फटीत आपले घर बांधले: उंच, हडकुळे, शेतावर किंवा कुस्तीत मुरलेले मुलगे घ्यायचे, पहिले वर्ष त्यांना खेळवायचे नाही, खाऊपिऊ घालून तयार करायचे. याउलट कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर यांच्याबाबत अंदाज बरा येतो, कारण वेग तेव्हाच दिसतो. तिथेही ४० यार्डांची वेळ हाती घड्याळावर घेतलेली असेल तर तिच्यावर विसंबू नये. शालेय ॲथलेटिक्स स्पर्धेतली १०० मीटरची इलेक्ट्रॉनिक वेळ जास्त भरवशाची. किकरला तर तीनपेक्षा जास्त तारे जवळजवळ मिळतच नाहीत, आणि अटीतटीचे सामने त्याच्याच पायावर ठरतात.

क्वार्टरबॅकची गोष्ट निराळी. संघाच्या सरासरीत तो ऐंशी-पंच्याऐंशींतला एक. मैदानावर प्रत्येक चढाईत चेंडू त्याच्या हातात. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) रेशो २०१८ ला आणि २०१९ ला फारसा वेगळा नव्हता. क्वार्टरबॅक जो बरोचे दुसरे वर्ष आणि बदललेली आक्रमणपद्धती यांनी संघाला १५–० वर नेले. त्यामुळे गुणवत्तेचा आकडा सारखा असलेल्या दोन संघांत निवड करायची असेल, तर पहिली नजर क्वार्टरबॅकच्या अनुभवावर टाकावी, दुसरी ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाच जणांनी एकत्र किती सामने सुरू केले आहेत यावर.

आणखी एक गुंता आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. क्रमवारी देणारे लोक कोणत्या कॉलेजांनी कुणाला ऑफर दिली, हेही पाहतात. अलाबामा किंवा जॉर्जियाने एखाद्या अनोळखी मुलाला ऑफर दिली की त्याचे गुण वाढतात. मग तो मुलगा तिथे जातो, संघ जिंकतो, आणि आपण म्हणतो की क्रमवारी बरोबर आली. त्यातला काही भाग प्रत्यक्षात त्या कोचच्या पारखेचा असतो. हा भाग वेगळा काढणे सोपे नाही, पण तो आहे, हे तरी लिहिले जावे.

निकालाची बाजू मोजतानाही अशीच काळजी हवी. नुसते विजय-पराजय घेऊन चालत नाही. एसईसी या परिषदेत (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) आता सोळा संघ आहेत. देशात पंचविसावी भरती करणारा संघ त्या परिषदेत खालच्या अर्ध्यात असू शकतो आणि दर आठवड्याला आपल्याहून वरचढ संघाशी खेळतो. त्याचे ६–६ हे अपयश नव्हे. तीच भरती दुबळ्या परिषदेत नऊ-दहा विजय देईल. म्हणून प्रतिस्पर्ध्याचा दर्जा लक्षात घेऊन काढलेले आकडे घ्यावेत: बिल कॉनेली यांचे एसपी-प्लस किंवा ईएसपीएनचे एफपीआय. एसपी-प्लसचा हंगामपूर्व अंदाजच मुळी तीन गोष्टींवर उभा असतो, परतणाऱ्या खेळाडूंची कामगिरी, अलीकडच्या भरत्या आणि संघाचा अलीकडचा इतिहास. भरती हा त्यातला केवळ एक पाय आहे.

एका सामन्यावरून तर काहीच सिद्ध होत नाही. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ६–५ असलेल्या मिशिगनने ओहायो स्टेटला तिच्याच मैदानावर १३–१० असे हरवले. ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल हुकले. त्याच ओहायो स्टेटने पुढे टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि नोत्र दाम यांना ओळीने हरवून विजेतेपद घेतले. आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादमींसारखे संघ याचाच हिशेब करून खेळतात. ऑप्शन पद्धतीने धावत, घड्याळ चालू ठेवत ते सामन्यातल्या चढायांची संख्या कमी करतात. चढाया जितक्या कमी, तितकी बलाढ्य संघाला आपली ताकद दाखवायची संधी कमी. शिवाय त्यांची मुले सहसा चारही वर्षे एकत्र राहतात. आर्मीने २०२४ चा हंगाम १२–२ असा संपवला, तो काही ताऱ्यांच्या जोरावर नव्हे.

आणि आता इंडियाना. १९ जानेवारी २०२६ रोजी या संघाने अंतिम सामन्यात मायामीला २७–२१ असे हरवून १६–० असा हंगाम पूर्ण केला. २०२३ मध्ये हाच संघ ३–९ होता. त्याचा ब्लू-चिप रेशो ५० च्या जवळपासही नव्हता. इतकी वर्षे टिकलेला नियम मोडला, आणि साहजिकच 'आता तारे निरर्थक' असे मथळे आले. नियम का मोडला ते पाहिले पाहिजे. रेशो फक्त शालेय भरती मोजतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (बदली हव्या असलेल्या खेळाडूंची यादी) सुरू झाले, २०२१ पासून एकदा बदली केल्यावर वर्षभर बसून राहण्याची अट गेली, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२४ मध्ये बदल्यांवरची संख्येची मर्यादाही उठली. मुख्य कोच कर्ट सिग्नेटी इंडियानाला आले ते आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे डझनभर खेळाडू सोबत घेऊन. ही मुले शाळेत कुणाला दिसली नव्हती, पण त्यांचे तीन-तीन वर्षांचे कॉलेज सामने चित्रफितीवर होते. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाने शाळेत असताना येलला जायचे ठरवले होते, नंतर तो कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला, तिथे दोन हंगाम सुरुवातीच्या संघात खेळला आणि मगच इंडियानाला आला. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. बावीस-तेवीस वर्षांच्या अनुभवी मुलांची पारख त्यांच्या प्रत्यक्ष खेळावरून करणे, हे सतरा वर्षांच्या मुलाचा अंदाज बांधण्यापेक्षा फार सोपे काम आहे. जुने तारे तिथे शिळे होतात.

पोर्टल म्हणजे हमखास यश, असाही अर्थ काढू नये. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये बदलीवर आलेल्या खेळाडूंच्या बळावर १३–० पर्यंत गेली. तो गट संपला, पुन्हा बाहेरून माणसे आणली आणि २०२४ ला संघ २–१० वर आला. शालेय भरतीचा थर खाली पातळ असला की असे होते.

त्यामुळे आज तुलना करायची तर वरच्या उदाहरणातल्या ९३ मुलांपासून सुरुवात करून दोन पावले पुढे जावे लागते. पहिले, निघून गेलेले वजा करा. ४९ ब्लू-चिपांपैकी १३ आणि उरलेल्या ४४ पैकी १० गेले असतील, तर राहिले ३६ आणि ३४, म्हणजे ५१ टक्के. दुसरे, आलेल्यांना शालेय ताऱ्यांनी मोजू नका. ज्याने कॉलेजात दोन हंगाम सुरुवातीच्या संघात काढले आहेत, त्याला त्या हंगामांच्या कामगिरीवर तोला. २४७स्पोर्ट्स बदली खेळाडूंना वेगळे गुण देते, ते वापरा. जो दोन वर्षे बाकावरच बसला त्याचे शालेय गुण अजून थोडे कामाचे आहेत, पण दरवर्षी त्यांचे वजन कमी करा. २४७स्पोर्ट्स २०१५ पासून प्रत्यक्ष पटावर (संघाच्या यादीत) असलेल्या खेळाडूंची गुणवत्ता-क्रमवारीही काढते. ज्याला आकडेमोड करायची नसेल त्याने निदान भरतीच्या ऐवजी ही यादी पाहावी, आणि तीही ऑगस्टनंतर, पट पक्के झाल्यावर. २०२५ पासून पटाची मर्यादा १०५ झाली आहे आणि पहिल्या वर्षी विद्यापीठांना खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता आले, त्यामुळे हे पट पूर्वीपेक्षा वेगाने बदलत राहणार.

आपल्या क्रीडा विभागाला विनंती अशी की, डिसेंबरातल्या बातमीसोबत एक छोटा तक्ता द्यावा: संघ, मुलांची संख्या, सरासरी गुण, चार वर्षांचा ब्लू-चिप रेशो, परिषदेतला क्रमांक. जागा असेल तर शेवटच्या रकान्यात तीन वर्षांपूर्वीच्या भरतीपैकी किती जण अजून त्याच संघात आहेत, तो आकडा द्यावा. तो विद्यापीठांच्या संकेतस्थळावरचा पट आणि जुनी करार-यादी समोरासमोर ठेवून अर्ध्या तासात निघतो. २०२६ पासून पोर्टलची मुदत २ ते १६ जानेवारी अशी एकच आहे, तेव्हा हाच तक्ता जानेवारीअखेर एकदा सुधारून छापता आला तर वाचकांच्या हाती हंगामासाठी खरोखर उपयोगी असे काही राहील.

आपला,
एक नियमित वाचक